दोन सेकंदांचा झोत

पंधरा-वीस दिवस उभ्या राहिलेल्या मोटारसायकलचं सेल्फचं बटण दाबलं की कधी कधी नुसताच ‘टक’ असा आवाज येतो. दिवा मिणमिणतो, हॉर्न घोगरा वाजतो, इंजिन मात्र हलत नाही. बॅटरी उतरलेली असते. पूर्वी निदान किक असायची. आता कित्येक गाड्यांना ती नसते. गिअरलेस स्कूटर तर ढकलूनही चालू होत नाही, कारण इंजिनाने वेग घेतल्यावरच तिचा क्लच चाकाला पकडतो. अशा वेळी रिमोटची विमानं उडवणारा एखादा हौशी माणूस आपल्या पेटीतून तळहातावर मावणारा, दोनशे ग्रॅमच्या आसपास वजनाचा लिथियम-पॉलिमर पॅक काढतो, जाड तारांनी तो गाडीच्या बॅटरीला जोडतो आणि इंजिन सुरू होतं. कितीतरी पट जड बॅटरीला जे जमलं नाही, ते या पुडक्याने कसं केलं?

उत्तर एका सोप्या गुणाकारात आहे. शंभर-दीडशे सीसीचं इंजिन फिरवताना स्टार्टर मोटर ६० अँपिअर घेते आणि इंजिन दोन सेकंदांत पेटतं, असं धरू. म्हणजे १२० अँपिअर-सेकंद झाले. बॅटरीच्या लेबलवर असतं त्या मापात सांगायचं तर फक्त ३३ मिलिअँपिअर-तास! पॅकवर २२०० लिहिलेलं असतं. इंजिन जागं करण्यासाठी त्यातला दीड टक्काच लागतो. खिशातल्या फोनच्या बॅटरीतही कित्येक वेळा इंजिन सुरू करता येईल एवढी ऊर्जा असते. ऊर्जेची वाण कधी नव्हतीच.

तरीही फोनच्या बॅटरीने गाडी सुरू होत नाही. पेन्सिल सेलनेही होत नाही. आठ पेन्सिल सेल एकापुढे एक जोडले की बरोबर १२ व्होल्ट मिळतात, आणि साठ्याच्या हिशेबाने तेही पुरेसे आहेत. पण प्रत्येक सेल स्वतःच्याच प्रवाहाला आतून अडवतो. हा अंतर्गत रोध प्रत्येकी ०.१५ ओहम धरला तर आठांचा मिळून १.२ ओहम होतो. मग मधे काहीही न ठेवता दोन्ही टोकं थेट एकमेकांना टेकवली, तरी त्यातून १० अँपिअरच वाहतील. रांजण काठोकाठ भरलेला आहे, पण त्याचं तोंड सुईच्या नेढ्याएवढं आहे.

हौशी पॅकचं तोंड मोठं असतं. त्याच्या एका सेलचा रोध ओहमच्या हजाराव्या भागांत मोजावा लागतो. तीन सेलचे मिळून १८ मिलिओहम धरले, तर ६० अँपिअर वाहत असताना जेमतेम १.१ व्होल्ट आतल्या आत खर्च होतो. १२.६ व्होल्टचा भरलेला पॅक भाराखाली साडेअकरा व्होल्ट देत राहतो आणि मोटर जोमाने फिरते. इंजिन सुरू करताना साठ्यापेक्षा झोत महत्त्वाचा असतो, हे एकदा लक्षात आलं की बाकीचं सगळं उलगडत जातं.

शंभराहून अधिक वर्षांपूर्वीही हे कोड्यासारखंच होतं. मोटारी हँडल मारून सुरू कराव्या लागत. उलटा झटका बसला तर मनगट मोडे. विजेच्या मोटरने इंजिन फिरवायचं तर ती मोटर प्रचंड मोठी लागेल, असं जाणकारांचं मत होतं. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या डेटन शहरात चार्ल्स केटरिंग या अभियंत्याने त्याआधी दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटर बसवली होती. तिथे त्याला दिसलं होतं की मोटरला काही क्षणच काम करायचं असेल, तर ती आपल्या नेहमीच्या कुवतीपेक्षा कितीतरी अधिक जोर लावू शकते. तापून खराब व्हायच्या आत तिचं काम संपलेलं असतं. १९११ साली त्याने इलेक्ट्रिक स्टार्टर बनवला आणि १९१२च्या कॅडिलॅक गाड्यांमध्ये तो आला. आज आपण बटण दाबतो तेव्हा तीच कल्पना वापरतो. मोटर थांबलेली असते त्या पहिल्या क्षणी ती सर्वांत जास्त प्रवाह ओढते, आणि त्याच क्षणी पिस्टनला सिलिंडरमधली हवा दाबत पहिला अडसर ओलांडायचा असतो.

शिशाच्या बॅटरीलाही हा झोत देता येतो, आणि तिची युक्ती लिथियमसारखीच आहे. घरच्या इन्व्हर्टरच्या ट्यूब्युलर बॅटरीत जाड प्लेटा असतात, कारण तिला तासन्‌तास सावकाश वीज पुरवायची असते. गाडीच्या बॅटरीत पातळ प्लेटा दाटीने बसवलेल्या असतात. पृष्ठभाग जितका जास्त, तितकी रासायनिक क्रिया एकाच वेळी अधिक ठिकाणी घडते. लिथियम-पॉलिमर सेलने हेच तत्त्व टोकाला नेलं. तांब्याच्या आणि अ‍ॅल्युमिनियमच्या तलम पत्र्यांवर मिलिमीटरच्या विसाव्या भागाच्या आसपास जाडीचा लेप असतो. मधे त्याहूनही पातळ, सच्छिद्र पडदा असतो. असे कित्येक थर एकावर एक रचून ते चांदीसारख्या चकाकत्या पाकिटात बंद करतात. भरलेल्या सेलमध्ये लिथियमचे आयन ग्राफाइटच्या थरांमधे शिरून बसलेले असतात. स्विच दाबला की ते पडद्यातून पलीकडच्या कोबाल्ट ऑक्साइडकडे निघतात. प्रत्येकाला जायचं अंतर अगदी थोडं, आणि वाटा असंख्य. रोध कमी होतो तो यामुळे.

लिथियम-आयन बॅटरीच्या संशोधनासाठी स्टॅनली व्हिटिंगहॅम, जॉन गुडइनफ आणि अकिरा योशिनो यांना २०१९ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. सोनीने लिथियम-आयन सेल १९९१ मध्ये बाजारात आणले. पुढे रिमोटच्या विमानांना हलकी पण दणकट वीज हवी होती आणि पॅक त्या दिशेने घडत गेले. अशा पॅकच्या लेबलवर ‘सी’ हा आकडा असतो. सी म्हणजे क्षमतेची पट: २.२ अँपिअर-तासांचा ३० सी पॅक म्हणजे ६६ अँपिअर. हा आकडा बऱ्याचदा फुगवून छापलेला असतो, म्हणून जाणकार तो अर्धाच धरतात आणि इंजिनासाठी ५००० मिलिअँपिअर-तासांचा पॅक पसंत करतात. दुकानात मिळणारे खिशात मावणारे जंप स्टार्टर याच घराण्यातले. त्यांच्या चिमट्यांच्या तारेला असतं ते ईसी-५ नावाचं निळं कनेक्टर रिमोटच्या विमानांच्या जगातूनच आलेलं आहे.

आता धोक्याचं बोलायला हवं, कारण ज्या गुणामुळे हा पॅक इंजिन फिरवतो तोच गुण घातकही ठरतो. दोन टोकांवर चुकून पाना आडवा पडला, तर शेकडो अँपिअर वाहून ठिणग्या उडतात, धातू वितळतो. तार उलटी जोडली तर गाडीचं इलेक्ट्रॉनिक्स आणि पॅक दोन्ही गमावण्याची वेळ येते. बारीक तार वापरली तर ती लालबुंद होते. सर्वांत फसवा धोका मात्र इंजिन सुरू झाल्यानंतरचा आहे. गाडीचा रेग्युलेटर आता बॅटरीला १४ ते १४.५ व्होल्ट देऊ लागतो. तीन सेलच्या लिथियम-पॉलिमर पॅकची मर्यादा १२.६ व्होल्ट असते. तो जोडलेलाच राहिला तर क्षमतेपलीकडे भरला जातो, कोबाल्ट ऑक्साइडमधून ऑक्सिजन सुटू लागतो आणि सेलमधल्या ज्वलनशील द्रवाला आतूनच आग लागू शकते. म्हणून इंजिन लागल्याबरोबर पॅक सोडवायचा, क्षणभरही रेंगाळायचं नाही. चार सेलचा पॅक वापरायचा मोह टाळायचा; तो भरलेला असताना १६.८ व्होल्टचा असतो. गाडीची बॅटरी मीटरवर १० व्होल्टच्या खाली दिसत असेल तर तिचा एखादा सेल आतून शॉर्ट झालेला असू शकतो. तिला पॅक जोडू नये. काळी तार बॅटरीला न लावता इंजिनाच्या उघड्या धातूला लावावी, कारण शिशाच्या बॅटरीजवळ हायड्रोजन असू शकतो आणि तिथे ठिणगी नको. फुगलेला पॅक तर हातातही घेऊ नये, मग तो कितीही महागाचा असो. ज्यांना हे सगळं सांभाळणं नको वाटतं, त्यांनी तयार जंप स्टार्टर घ्यावा. चांगल्या जंप स्टार्टरच्या चिमट्यांजवळची छोटी पेटी उलटी जोडणी ओळखते आणि मागे येणारा प्रवाहही रोखते.

याहून समाधानकारक उत्तर आणखी एका रसायनात सापडलं. १९९७ साली टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन इथल्या प्रयोगशाळेत पाढी, नंजुंडस्वामी आणि गुडइनफ यांनी लिथियम लोह-फॉस्फेटवरचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यातला ऑक्सिजन फॉस्फरसशी घट्ट बांधलेला असतो, त्यामुळे सेल तापला तरी तो सहजासहजी सुटत नाही. पण हे द्रव्य विजेचं फार मंद वाहक होतं. कमी ताकदीच्या बॅटरीसाठी ते उत्तम ठरेल, असंच खुद्द संशोधकांनी लिहिलं होतं. नंतर इतरांनी त्याचे कण बारीक केले, त्यांवर कार्बनचा मुलामा चढवला, आणि तेच द्रव्य सर्वांत जोरकस सेलांच्या रांगेत जाऊन बसलं. ए-१२३ सिस्टिम्स या अमेरिकन कंपनीचा २६ मिलिमीटर व्यासाचा आणि ६५ मिलिमीटर लांबीचा सेल अवघ्या ७० ग्रॅमचा होता. तो सलग ७० अँपिअर आणि दहा सेकंदांपुरते १२० अँपिअर देत असे. हौशी मंडळींनी असे चार सेल जोडून मोटारसायकलींसाठी बॅटऱ्या घडवल्या.

चारच सेल का? एका लोह-फॉस्फेट सेलचा दाब ३.३ व्होल्टच्या आसपास असतो. चार मिळून १३.२ होतात आणि पूर्ण भरताना १४.४ व्होल्ट लागतात. गाडीचा रेग्युलेटर जवळजवळ तेवढेच देतो. १८५९ साली गॅस्टन प्लांतेने शिशाची बॅटरी बनवली. तिच्या सेलचा दाब २.१ व्होल्ट, आणि अशा सहा सेलांच्या बेरजेभोवती जगाने पुढे आपले दिवे, हॉर्न, मोटरी आणि रेग्युलेटर बेतले. ऑस्टिनच्या प्रयोगशाळेत कोणी मोटारसायकलसाठी सेल शोधत नव्हतं. त्यांना स्वस्त आणि बिनविषारी द्रव्य हवं होतं. लोह-फॉस्फेटने दिलेला दाब त्याच्या स्वभावातून आला, शिशाने दिलेला शिशाच्या. तरीही सहा जुने आणि चार नवे सेल जवळजवळ एकाच आकड्यावर येऊन भेटले. म्हणून आज रेग्युलेटर धड असेल, तर गाडीची एकही वायर न बदलता शिशाच्या जागी लोह-फॉस्फेट बसवता येतं.