एका चाकावरचा पाळक

सर्कशीच्या तंबूत एकचाकी सायकलवर डोलत फिरणारा विदूषक आपणांपैकी पुष्कळांनी पाहिला असेल. त्याच वाहनावर बसून कोणी अमेरिकेचे संयुक्त संस्थान एकदा नव्हे, दोनदा ओलांडले, असे सांगितल्यास वाचकांस ती थट्टाच वाटेल. परंतु लार्स क्लॉसेन या लुथरपंथी पाळकाने 2002 साली हे करून दाखविले. 22 एप्रिल ते 12 नोव्हेंबर या 205 दिवसांत त्यांनी 14,600 किलोमीटरांहून अधिक मजल मारली.

या वाहनाचे कष्ट आमच्या सायकलस्वार तरुणांस चटकन उमजतील. त्याला ना दांडी, ना साखळी, ना फ्रीव्हील. पायटे थेट चाकाच्या आसालाच जोडलेले असल्यामुळे उतारावरही पाय थांबविता येत नाहीत. पाय थांबले की चाक थांबते आणि स्वार खाली येतो. लांबच्या प्रवासाकरिता 36 इंच व्यासाचे मोठे चाक वापरतात. त्याच्या एका फेऱ्यात तीन मीटरांहून थोडी कमी वाट सरते. म्हणजे एका किलोमीटरला सुमारे साडेतीनशे फेरे!

हा खटाटोप कशासाठी? अलास्काच्या पश्चिम टोकास, बेरिंग समुद्राकाठी, सिवर्ड नावाचे द्वीपकल्प आहे. तेथे इन्युपियात लोक सील, देवमासे व मासे यांवर पिढ्यान्‌पिढ्या जगत आले. 1894 साली ब्रेव्हिग नावाचे लुथरपंथी मिशनरी तेथे गेले. त्यांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या लहानशा गावात 1918 च्या नोव्हेंबरात इन्फ्लुएन्झाची साथ शिरली आणि अवघ्या काही दिवसांत 80 पैकी 72 माणसे दगावली. अशा दूरच्या, विस्मृत लोकांच्या साहाय्यार्थ कायम निधी उभा राहावा, म्हणून क्लॉसेन रस्त्यावर उतरले.

दान गुप्त असावे, असे प्रभू येशूने शिकविले. मग हा एवढा गाजावाजा का, असा प्रश्न कोणी भाविक करील. प्रश्न रास्त आहे. आम्हांस मात्र असे वाटते की, देणाऱ्याने झाकून द्यावे, पण दुसऱ्यासाठी मागणाऱ्याला झाकून कसे मागता येईल? संत पौलाने यरुशलेमातील गरीब बांधवांसाठी मासेदोनियात व करिंथात उघडपणेच वर्गणी गोळा केली. शिवाय एकचाकीवरचा वाटसरू दिसला की अनोळखी माणूसही आपण होऊन विचारतो, ‘बाबा रे, कोठे निघालास?’ तेवढ्या एका प्रश्नाने इन्युपियातांची गोष्ट सांगावयास वाट मिळते. मोटारीतून जाणाऱ्यास कोण विचारणार?

एड प्रॅट या इंग्रज तरुणाची कथाही अशीच. 2015 साली, वयाच्या अवघ्या एकोणिसाव्या वर्षी, तो सामान चाकालाच बांधून जगप्रवासास निघाला व 2018 साली घरी परतला. वाटेत त्याने तीन लाख पौंडांहून अधिक रक्कम जमविली. ती ज्या संस्थेसाठी होती, ती गरीब मुलांस वह्या, पेन्सिली, जेवणाचे भांडे इत्यादींनी भरलेले दप्तर पुरविते. 2004 च्या त्सुनामीत थायलंडमध्ये मृत्यू पावलेल्या एका तरुणाच्या स्मरणातून हे कार्य उगवले.

आमच्या सीमाभागातूनही संत फ्रान्सिस झेवियरच्या नोव्हेनाकरिता जुन्या गोव्यास पायी जाणारे भाविक आहेत. त्यांच्यापैकी कोणास वाटचालीबरोबर एखाद्या रुग्णासाठी वा शाळेसाठी निधी जमवावा असे वाटले, तर त्यांनी अवश्य जमवावा. फक्त संत पौलाची एक दक्षता पाळावी. जमलेला पैसा पोचविताना मंडळ्यांनी निवडलेला बंधू त्याने सोबत घेतला होता. निघताना हेतू मंदिरात जाहीर व्हावा, पेटी दोघांच्या हाती असावी, आणि परतल्यावर पहिल्याच रविवारी मिस्सेनंतर पै न्‌ पैचा हिशेब वाचून दाखवावा.