दीड किलोच्या बाळाचे पुढे काय होते?

विद्यार्थी मित्रहो, आज घरी कणीक मळली जाईल तेव्हा एक गोळा मागून घ्या आणि त्याचे सारखे दोन गोळे करा. वजन निम्मे-निम्मे झाले, पण पृष्ठभाग? गणित करून पाहा. दोन्ही लहान गोळ्यांचा पृष्ठभाग मिळून मूळ गोळ्याच्या सव्वापट भरतो. म्हणजे वस्तू लहान झाली की वजनाच्या मानाने तिचा पृष्ठभाग वाढतो, आणि उष्णता तर पृष्ठभागावाटेच निसटते!

तीन किलोचे बाळ आणि दीड किलोचे बाळ यांच्यातही हाच फरक असतो. त्यातून लहानग्याच्या त्वचेखाली चरबी फारच थोडी. वाढीसाठी लागणारी ऊर्जा ऊब टिकवण्यातच खर्ची पडते. म्हणून तर त्याला काचेच्या पेटीत ठेवतात. जन्मतः वजन २५०० ग्रॅमपेक्षा कमी असले की ते 'कमी वजनाचे बाळ'. एक तर ते दिवस भरण्याआधी जन्मलेले असते किंवा पोटातच त्याची वाढ खुंटलेली असते, कधी दोन्हीही.

बाळ वाचले, घरी गेले. पुढे काय? पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा शोध घेतला. २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाची जी बाळे १९८७ ते १९८९ या काळात तेथून घरी गेली, त्यांना त्यांनी पुन्हा पुन्हा तपासले, थेट अठराव्या वर्षापर्यंत. तुलनेसाठी पुरेशा वजनाने जन्मलेली मुलेही घेतली होती. इतकी वर्षे कुटुंबांचा माग ठेवायचा म्हणजे आमच्या प्रयोगशाळेतल्या कोणत्याही मोजमापापेक्षा चिकाटीचे काम!

बाराव्या वर्षी कमी वजनाच्या मुलांचा सरासरी बुद्ध्यांक ८९.५ भरला, इतरांचा ९७.२. फरक खरा, पण दोन्ही आकडे सर्वसाधारण मर्यादेतलेच. अडचण विशेषेकरून कुठे आली? डोळ्यांनी पाहिलेली आकृती हाताने कागदावर उतरवणे, वाचन आणि गणित यांत. शिक्षक बंधुभगिनींनो, भूमितीच्या तासाला ज्याची आकृती दरवेळी वाकडी येते तो मुलगा आळशीच असेल असे नाही. आणि वायूच्या तापमानावरून जसा त्यातल्या एखाद्या रेणूचा वेग सांगता येत नाही, तसे या सरासरीवरून एका मुलाचे भविष्यही सांगता येत नाही.

तुलना करताना आणखी एक चूक होते. दोन महिने आधी जन्मलेले बाळ सहा महिन्यांचे झाले की शेजारच्या सहा महिन्यांच्या बाळाशी त्याची बरोबरी केली जाते. खरे तर ती चार महिन्यांच्या बाळाशी करायला हवी. पहिली दोन वर्षे तरी डॉक्टर असाच हिशेब करतात.

आता पुन्हा उष्णतेकडे. कोलंबियातील बोगोटा शहरात १९७०च्या दशकाच्या अखेरीस काचेच्या पेट्या अपुऱ्या पडू लागल्या. तेव्हा डॉ. एडगर रे यांनी बाळाला आईच्या उघड्या छातीशी, त्वचेला त्वचा लावून बांधण्याची पद्धत सुरू केली. तिचे नाव 'कांगारू मातृसेवा'. एका बाजूने ऊब मिळते आणि उघडा पृष्ठभागही घटतो! १९९३ ते १९९६ मध्ये या पद्धतीची तेथे रीतसर चाचणी झाली. त्यातली बाळे वीस वर्षांची झाल्यावर त्यांना पुन्हा शोधून काढले. बुद्ध्यांकातला लाभ थोडा होता, तोही सर्वांत नाजूक बाळांपुरता. पण छातीशी वाढलेल्या मुलांचे शाळेतले खाडे कमी होते, आणि अतिचंचलपणा व आक्रमकपणाही कमी आढळला.