कॅन्सरच्या दुखण्यावरची मॉर्फिनची गोळी : भिऊन बंद करू नका, कुटून देऊ नका

तंबाखू, गुटखा, मिश्री यांच्यापायी तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरचे रुग्ण आपल्याकडे गावोगावी आहेत. मुंबई, बार्शी, नागपूर, छत्रपती संभाजीनगर अशा ठिकाणी उपचार घेऊन रुग्ण घरी येतो, तेव्हा फाईलबरोबर कधी कधी दुखणं थांबवणाऱ्या गोळ्यांचं वेगळं पाकीटही असतं. त्यातली एक गोळी असते मॉर्फिनची. डॉक्टरांनी गर्दीत दोन मिनिटांत सांगितलेलं सगळं घरी पोचेपर्यंत लक्षात राहतंच असं नाही. मग औषध द्यायचं कसं, हे घरचेच ठरवतात.

इथे दोन चुका होतात. पहिली म्हणजे ‘ही अफूची गोळी, सवय लागेल’ म्हणून ती लपवून ठेवणं आणि दुखणं असह्य झालं की मगच देणं. दुसरी म्हणजे रुग्णाला गिळता येत नाही म्हणून गोळी कुटून पाण्यातून किंवा नळीतून देणं. पहिल्या चुकीत माणूस विनाकारण तळमळतो. दुसऱ्या चुकीत त्याचा श्वास थांबू शकतो.

मॉर्फिन म्हणजे नेमकं काय?

अफूच्या बोंडाच्या चिकापासून मॉर्फिन तयार होतं. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्यावर अफूची शेती होते. नीमच आणि गाझीपूर इथे सरकारी कारखाने आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही मॉर्फिन आहे. साध्या गोळ्यांनी कॅन्सरचा ठणका थांबत नाही, तेव्हा डॉक्टर हे औषध लिहून देतात.

मॉर्फिन दिलं म्हणजे ‘आता काही राहिलं नाही’ असा अर्थ काढायचं कारण नाही. उपचार चालू असतानाही ते देतात. दुखणं कमी झालं की माणूस झोपतो, दोन घास खातो, घरच्यांशी बोलतो.

गोळ्या दोन प्रकारच्या

मॉर्फिनच्या एका गोळीचा असर लवकर सुरू होतो. अर्ध्या-पाऊण तासात आराम वाटू लागतो आणि साधारण 4 तासांत असर उतरतो. दुसरी गोळी हळूहळू विरघळते आणि साधारण 12 तास पुरते. ती दिवसातून दोनदा, म्हणजे सकाळी 8 आणि रात्री 8 अशी ठरलेल्या वेळी द्यायची असते. तिच्या पाकिटावर नावापुढे एसआर, सीआर किंवा ईआर अशी इंग्रजी अक्षरं असतात.

दोन्ही प्रकार 10 मिलीग्रॅममध्ये मिळतात. म्हणून नुसता आकडा पाहून गोळी ओळखू नका. पाकिटावरची अक्षरं पाहा. कळत नसेल तर आशाताई, आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टर किंवा ओळखीच्या मेडिकलवाल्याकडून वाचून घ्या. पाकिटावर पेनाने ‘12 तासांची’ आणि ‘4 तासांची’ असं मराठीत लिहून ठेवलं तर रात्रीच्या घाईत चूक होत नाही.

12 तासांची गोळी का कुटायची नाही?

शेतकऱ्याला हे ठिबकवरून लगेच समजेल. ठिबकने दिवसभर थेंब थेंब पाणी मुळाशी जातं. तेच सगळं पाणी एकदम सोडलं तर वाफा फुटतो. 12 तासांची गोळी ठिबकसारखी काम करते. तिच्यात अर्ध्या दिवसाचं औषध भरलेलं असतं आणि ते जपून सुटावं अशीच तिची बांधणी असते. गोळी कुटली, तोडली, चावली किंवा पाण्यात विरघळवली की ही बांधणी मोडते. 12 तासांचं औषध थोड्याच वेळात अंगात उतरतं. मेंदूचं श्वासावरचं नियंत्रण मंदावतं, माणूस गाढ झोपल्यासारखा दिसतो आणि श्वास कमी कमी होत जातो.

तोंडाच्या कॅन्सरच्या रुग्णाचं तोंड उघडत नाही. काहींना नाकातून किंवा पोटातून नळी घातलेली असते. तिथे गोळी कुटून नळीत सोडायचा विचार घरच्यांच्या मनात सहज येतो. बाकीच्या काही गोळ्या तशा दिलेल्या असतात, म्हणून हीपण चालेल असं वाटतं. ही चालत नाही.

गिळता येत नसेल तर ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा. दुसरे मार्ग आहेत. 4 तासांची साधी गोळी नळीतून कशी द्यायची, हे ते समजावून सांगतात. नाहीतर अंगाला चिकटवायची पट्टी देतात. औषध बदलायचं की नाही आणि डोस किती, हे त्यांनाच ठरवू द्या.

गोळी घड्याळाप्रमाणे, कळ आल्यावर नाही

12 तासांची गोळी दुखायची वाट पाहून द्यायची नसते. ती वेळेवर दिली तर कळ डोकंच वर काढत नाही. उशीर केला की दुखणं आधी चढतं आणि मग गोळी लागू पडायला वेळ लागतो. ‘गुण आला नाही’ म्हणून तासाभरात दुसरी गोळी दिली जाते. तोवर पहिलीचं औषध सुटतच असतं. दोन्हींचा असर एकत्र चढला की धोका वाढतो.

मधेच कळ आली तर त्यासाठी डॉक्टर 4 तासांची गोळी वेगळी लिहून देतात. किती वेळाने आणि दिवसात किती वेळा द्यायची, ते चिठ्ठीवर लिहून घ्या. घरात एक वही ठेवा. कोणती गोळी, किती वाजता आणि कोणी दिली, याची नोंद करा. दिवसा सून आणि रात्री मुलगा औषध देत असेल तर ही वही फार उपयोगी पडते. एक वेळ चुकली म्हणून पुढच्या वेळी दोन गोळ्या देऊ नका.

पट्टी असेल तर

फेन्टानिल नावाच्या औषधाची पट्टी कातडीवर चिकटवतात. हे औषध मॉर्फिनपेक्षा सुमारे 100 पट तेज असतं. एक पट्टी साधारण 3 दिवस, म्हणजे 72 तास चालते. पहिल्या पट्टीचा पुरता असर यायला 12 ते 24 तास लागतात. लगेच आराम पडला नाही म्हणून दुसरी पट्टी लावू नका.

- पट्टी कापायची नाही.
- नवी लावण्याआधी जुनी काढायची आणि दरवेळी जागा बदलायची.
- लावल्याची तारीख आणि वेळ वहीत लिहायची.
- पट्टीवर गरम पाण्याची पिशवी, विटेचा शेक किंवा बाम नको. उष्णतेने औषध जास्त सुटतं. रुग्णाला ताप भरला तरी तसंच होतं, म्हणून ताप आला की डॉक्टरांना फोन करा.
- काढलेल्या पट्टीतही औषध उरलेलं असतं. चिकट बाजू आत करून तिची घडी घाला. लहान मुलाने उचलून अंगाला चिकटवली किंवा तोंडात घातली तर जिवावर बेतू शकतं.

सोबत काय चालत नाही

दारू अजिबात नाही. ‘थोडी घेतली तर झोप लागेल’ हा विचार इथे जीवघेणा ठरू शकतो. झोपेच्या गोळ्या आणि मनाच्या आजारावरची काही औषधंही श्वास मंद करतात. आधीपासून चालू असलेली सगळी औषधं डॉक्टरांना दाखवा, त्यात गावातल्या वैदूची पुडीसुद्धा आली. मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा जुलाब-उलट्यांनी लघवी कमी झाली असेल, तर मॉर्फिन अंगात साचू शकतं. तेही कळवा. औषध नवं असताना किंवा डोस वाढवल्यावर रुग्णाने मोटारसायकल, ट्रॅक्टर चालवू नये.

नेहमीचे त्रास कोणते?

सुरुवातीचे काही दिवस गुंगी येते, मळमळतं. ते बहुतेकांचं कमी होतं. शौचाला खडा होण्याचा त्रास मात्र औषध चालू असेपर्यंत राहतो. म्हणून पोट साफ होण्याचं औषध सोबत लिहून देतात. ते चुकवू नका. पोट साफ होत नाही म्हणून मॉर्फिन बंद करणारी घरं कमी नाहीत.

व्यसन लागतं का?

नियमित मॉर्फिन घेतल्यावर शरीराला त्याची सवय होते. एकदम बंद केलं तर घाम, जांभया, नाक गळणं, जुलाब, बेचैनी होते आणि दुखणं उसळून येतं. यालाच लोक व्यसन समजतात. व्यसनात माणूस दुखणं नसतानाही औषधामागे धावतो आणि नुकसान दिसत असूनही थांबत नाही. कॅन्सरच्या दुखण्यासाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली वेळेवर गोळी घेणं हे व्यसन नाही. धोका अगदीच नसतो असंही नाही. रुग्णाला आधी दारूचं किंवा नशेचं व्यसन असेल तर ते लपवू नका, डॉक्टर तशी काळजी घेतात. औषध थांबवायचं झालं तर डोस टप्प्याटप्प्याने कमी करतात.

ही लक्षणं दिसली तर थांबू नका

- हाक मारून, हलवूनही रुग्ण नीट जागा होत नाही
- श्वास फार मंद झाला आहे. मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला साधारण 12 ते 20 वेळा चालतो, तो 10 च्या खाली गेला आहे
- घशातून घरघर किंवा वेगळंच घोरणं
- ओठ, नखं निळसर पडणं
- डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक होणं

लगेच 108 ला फोन करा. रुग्णाला कुशीवर वळवा, तोंडात पाणी किंवा लिंबू-मीठ घालू नका. पट्टी असेल तर काढा. गोळ्यांचं पाकीट आणि वही सोबत घ्या आणि ‘मॉर्फिन चालू आहे’ हे पहिल्यांदा सांगा. दवाखान्यात यावर नॅलोक्झोनचं इंजेक्शन देतात. त्याचा असर 12 तासांच्या गोळीपेक्षा लवकर संपतो. म्हणून रुग्ण शुद्धीवर आला तरी त्याला लगेच घरी आणू नका.

प्रत्येक मेडिकलवर का मिळत नाही?

1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यामुळे मॉर्फिनवर कडक नियंत्रण आहे. 2014 मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली आणि मान्यताप्राप्त दवाखान्यांना ते ठेवणं सोपं झालं. तरी तालुक्याच्या साध्या दुकानात ते सहसा नसतं. म्हणून पाकीट संपायच्या आठ-दहा दिवस आधी पुढची सोय करा. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर रुग्णासाठी औषध आणणं गुन्हा नाही. प्रवासात चिठ्ठी आणि पावती जवळ असू द्या.

उरलेल्या गोळ्यांचं काय?

चालू औषध कुलपात ठेवा, देवळीत किंवा उशाखाली नको. रुग्ण गेल्यानंतर घरात गोळ्या उरतात आणि ‘वाया कशाला घालवायच्या’ म्हणून शेजारच्याच्या कंबरदुखीला दिल्या जातात. हे कधीही करू नका. ज्याला या औषधाची सवय नाही, त्याला दुसऱ्याचा डोस जीवघेणा ठरू शकतो. उकिरड्यावरही टाकू नका. जिथून आणल्या तिथे परत द्या.

पुढच्या वेळी दवाखान्यात गेलात की डॉक्टरांना चार गोष्टी विचारा आणि कागदावर लिहून घ्या: ही गोळी किती तासांची, मधेच कळ आली तर काय द्यायचं, गिळता आलं नाही तर काय करायचं आणि रात्री-अपरात्री फोन कोणाला करायचा.

(ही माहिती सर्वसाधारण आहे. डोस आणि औषधातला बदल फक्त उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावा.)