एका भिंतीचं दोनदा अनावरण

शहराच्या मध्यवस्तीत स्थानिक इतिहासाचं भित्तिचित्र उभं राहिलं की पुढचा कार्यक्रम ठरलेला असतो: पाहुणे, भाषणं, टाळ्या, फोटो. लॉस एंजेलिसच्या ओल्वेरा स्ट्रीटवरच्या ‘आमेरिका त्रोपिकाल’ या भित्तिचित्राचं असंच अनावरण ९ ऑक्टोबर १९३२ रोजी झालं. पण दशक संपायच्या आत ते पूर्ण पांढऱ्या रंगाखाली गेलं. लोकांना ते पुन्हा पाहता आलं ९ ऑक्टोबर २०१२ रोजी, बरोबर ८० वर्षांनी.

ओल्वेरा स्ट्रीट ही या शहराची मूळ वस्ती. १७८१ मध्ये स्पॅनिश अमलात गाव वसलं, ते याच परिसरात. पुढे ते मेक्सिकोकडे आलं आणि १८४८ मध्ये युद्धानंतरच्या तहात अमेरिकेला मिळालं. विसाव्या शतकात या जुन्या भागाला अवकळा आली, तेव्हा क्रिस्टीन स्टर्लिंग या बाईंनी तो वाचवण्यासाठी खटपट केली. १९३० च्या ईस्टरला इथे ‘मेक्सिकन बाजार’ सुरू झाला. मातीची भांडी, गिटार, रंगीत पेहरावातले विक्रेते असा सगळा पर्यटकांना आवडेल असा थाट होता.

बाजारात मेक्सिको हवा होता. मेक्सिकन माणसं मात्र नको होती. मंदीचे दिवस होते. २६ फेब्रुवारी १९३१ रोजी लगतच्या चौकात अधिकाऱ्यांनी वाटा अडवून सुमारे ४०० जणांना रोखून धरलं आणि कागदपत्रं तपासली. त्या दशकात मेक्सिकन वंशाच्या लाखो लोकांना देशाबाहेर जावं लागलं. त्यातले कित्येक जन्माने अमेरिकन नागरिक होते.

दाविद आल्फारो सिकेरोस हा मेक्सिकन चित्रकार अशा वेळी या शहरात आला. कम्युनिस्ट चळवळीपायी तो मायदेशी तुरुंगात जाऊन आला होता. ओल्वेरा स्ट्रीटवरच्या ‘इटालियन हॉल’ची दुसऱ्या मजल्यावरची बाहेरची भिंत त्याला मिळाली. सुमारे ८० फूट लांब, १८ फूट उंच. विषयही ठरवून दिलेला होता: उष्ण कटिबंधातली अमेरिका. काम देणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे माडांची झाडं, पोपट आणि सुखी माणसं होती, असं सिकेरोसने पुढे सांगितलं.

त्याने जंगल रंगवलं, पण वेड्यावाकड्या मुळांचं. मागे माया शैलीचं पडकं मंदिर आलं. चुन्याऐवजी सिमेंटचा गिलावा, कुंचल्याच्या जोडीला स्प्रे-गन, मदतीला स्थानिक चित्रकारांचा गट. मधली जागा मात्र त्याने रिकामी ठेवली होती. अनावरणाच्या आदल्या रात्री मदतनिसांना घरी पाठवून त्याने ती एकट्याने भरली. तिथे दुहेरी क्रुसाला बांधलेला मूळनिवासी माणूस आला आणि त्याच्या डोक्यावर पंख पसरलेला गरुड, अमेरिकेच्या नाण्यावरचा. उजवीकडे गच्चीवर दोन बंदूकधारी शेतकरी, एक पेरूचा आणि एक मेक्सिकोचा.

व्हायचं ते झालं. आधी रस्त्यावरून दिसणारा भाग पुसला गेला, मग बाकीचा. सिकेरोसच्या व्हिसाची मुदत वाढवून मिळाली नाही. १९३२ मध्येच त्याला देश सोडावा लागला. १९६० च्या दशकाच्या अखेरीस उन्हापावसाने वरचा थर विरला आणि खालच्या आकृत्या अंधूक दिसू लागल्या. मेक्सिकन-अमेरिकन तरुणांची हक्कांची चळवळ तेव्हा ऐन भरात होती. शहरभर भिंती रंगवणाऱ्या त्या पिढीला आपला पूर्वज सापडला. कला-इतिहासकार शिफ्रा गोल्डमन यांनी चित्र वाचवण्याचा ध्यास घेतला. १९८० च्या दशकाच्या अखेरीस गेटी संवर्धन संस्था या कामात उतरली.

मग प्रश्न आला: चित्र पुन्हा रंगवायचं का? मूळ रंग जवळपास उडालेले होते आणि जुने फोटो कृष्णधवल. सिकेरोस १९७४ मध्येच वारला होता. तज्ज्ञांनी ठरवलं की अंदाजाने रंग भरायचे नाहीत. भिंत साफ केली, सुटलेला गिलावा पक्का केला, वर छत घातलं, समोर बघायला सज्जा बांधला. सुमारे एक कोटी डॉलर खर्च करून लोकांसमोर आलं ते फिकट चित्र. टवटवीत नक्कल करता आली असती, पण तिने चित्रावर काय गुदरलं तेच पुन्हा झाकलं असतं.

‘आमच्या इतिहासाचं चित्र काढा’ म्हणणाऱ्यांना पुष्कळदा सजावट हवी असते, इतिहास नव्हे. शहराला कबुली द्यायला वेळ लागतो. १९३० च्या दशकातल्या हकालपट्टीबद्दल कॅलिफोर्निया राज्याने अधिकृत माफी मागितली ती २००५ मध्ये. मुलाबाळांकडे कॅलिफोर्नियाला जाणं झालं, तर हॉलिवूड पाहून झाल्यावर युनियन स्टेशनसमोरच्या या गल्लीतही जा. चित्राची माहिती देणारं दालन तिथेच आहे. सज्ज्यावरून चित्र फिकट दिसेल, पण तिथून हलायची घाई करू नका.