दृष्टिकोन : कॅमेऱ्याचा आणि विटेचा

‘दृष्टिकोन’ हा शब्द आपण बहुधा मतभेदाच्या प्रसंगीं वापरतों. त्यांतील कोन हा भूमितींतला कोन आहे, याची आठवण त्या वेळीं सहसा कोणास होत नाहीं. आज या मूळ अर्थाकडे वळावयाचें आहे. हौशी छायाचित्रण आणि खेळण्यांतील विटांनीं प्रतिकृति रचणें हे दोन छंद वरवर पाहतां निराळे. परंतु वस्तूकडे कोठून पाहावयाचें, हा प्रश्न दोहोंच्याही मुळाशीं आहे.

प्रथम कॅमेऱ्याचा विचार करूं. देवळासमोर दहा माणसें कॅमेरा किंवा मोबाइल घेऊन उभीं राहिलीं, तर त्यांचीं बहुतेक चित्रें सारखींच निघतात. कारण उघड आहे. जेथें पाय थांबले तेथेंच, उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून, तीं घेतलेलीं असतात. चित्र सपक निघालें, कीं हौशी गृहस्थ भिंगाला दोष देतो आणि नवें भिंग विकत आणतो. वस्तुतः चित्रांतील जवळच्या व दूरच्या वस्तूंचें परस्परप्रमाण भिंगावर नव्हे, तर कॅमेऱ्याच्या जागेवर अवलंबून असतें. समजा, एक माणूस आपल्यापासून २ मीटरवर आणि देवळाचें शिखर ४० मीटरवर आहे. आपण आणखी २ मीटर मागें सरलों, तर माणसाची आकृति निम्मी होते. शिखर मात्र जवळजवळ तेवढेंच राहतें, कारण ४० चे ४२ मीटर झाल्यानें फारसा फरक पडत नाहीं. म्हणजे तीनचार पावलांत शिखर माणसाच्या मानानें जवळजवळ दुप्पट मोठें झालें! भिंग या देखाव्याचा लहान किंवा मोठा तुकडा कापून देतें, इतकेंच. छायाचित्रकाराचें पहिलें उपकरण म्हणजे त्याचे पाय होत.

जागेप्रमाणेंच उंचीचें आहे. खालून वर पाहिलें, तर मागची गर्दी नाहींशी होऊन आकाशाची पार्श्वभूमि मिळते आणि उभ्या रेषा वर एकमेकींकडे झुकतात. वरून खालीं पाहिलें, तर जमीनच पार्श्वभूमि होते व सांवल्यांना महत्त्व येतें. रशियन कलावंत अलेक्सांद्र रॉदचेंको यानें १९२५ सालीं मॉस्कोंतील एका इमारतीच्या सज्जांचीं चित्रें तळाशीं उभें राहून, कॅमेरा वर रोखून घेतलीं. कॅमेरा पोटाशीं धरून घेतलेल्या त्याच त्या चित्रांची त्यानें पुढें उघड थट्टा केली. लास्लो मोहोली-नागी यानें १९२८ च्या सुमारास बर्लिनच्या नभोवाणीच्या मनोऱ्यावरून सरळ खालीं पाहून चित्रें घेतलीं. त्यांत वाटा, झाडें आणि बर्फ यांची जणूं रांगोळीच उमटली आहे.

परंतु हा प्रकार सर्वांना रुचला नाहीं. रॉदचेंकोनें १९३० सालीं बालसंघटनेंतील एका मुलीचा चेहरा अगदीं खालून टिपला. त्यावर टीकाकारांचा आक्षेप असा, कीं या मुलीनें वर न पाहतां पुढें पाहावयास हवें! आक्षेप हास्यास्पद वाटेल. पण कोन बदलला म्हणजे अर्थ बदलतो, हें टीकाकारांनीं बरोबर ओळखलें होतें.

आतां विटांकडे वळूं. डेन्मार्कमधील बिलुंड या गांवीं जन्मलेल्या लेगो कंपनीनें आंतून नळ्या असलेल्या आपल्या विटेच्या स्वामित्वहक्कासाठीं २८ जानेवारी १९५८ रोजीं अर्ज केला. एका विटेचीं बोंडें दुसरीच्या नळ्या व भिंती यांच्यामध्यें घट्ट बसतात, हें तिचें मर्म. आठ बोंडांच्या, एकाच रंगाच्या सहा विटा ९१,५१,०३,७६५ प्रकारें जोडतां येतात, असें गणितानें सिद्ध झालें आहे. इतकें स्वातंत्र्य असूनही नवशिक्यांचीं घरें एकसारखीं दिसतात; कारण प्रत्येक वीट बोंडें वर करूनच ठेवावयाची, असें ते धरून चालतात.

येथेंही कोन बदलावा लागतो. दोन बोंडांमधील अंतर ८ मिलिमीटर आणि पातळ चकतीची जाडी ३.२ मिलिमीटर असते. पांच चकत्या एकावर एक ठेवल्या, कीं उंची १६ मिलिमीटर, म्हणजे बरोबर दोन बोंडांइतकी होते. म्हणून बाजूला बोंडें असलेली वीट घेऊन रचना आडवी केली, तरी ती उभ्या रचनेंत बिनचूक बसते आणि भिंतीला गुळगुळीत दर्शनी भाग किंवा कोरीव नक्षी देतां येते. तिरपी भिंत हवी असल्यास बिजागरीच्या विटा घेऊन ३, ४ व ५ बोंडांचा काटकोन त्रिकोण साधावा. यज्ञवेदीच्या विटा मांडणाऱ्या बौधायनानेंही शुल्बसूत्रांत ३ व ४ बाजूंची ही जोडी सांगितली आहे.

दोन्ही छंद एकत्र येतात ते प्रतिकृतीचें चित्र घेतांना. आपल्याकडील मुलें दिवाळींत मातीचा किल्ला करतात. वडील माणसें उभ्यानेंच त्याचें चित्र घेतात आणि किल्ला खेळण्यासारखा दिसतो. कॅमेरा जमिनीवर टेकवून, महाद्वाराशीं ठेवलेल्या मावळ्याच्या डोळ्यांइतका खालीं आणा. बुरूज एकदम अंगावर येतात. मोबाइल उलटा धरला, तर त्याचें भिंग मातीच्या अगदीं जवळ जातें. मात्र जवळून घेतलेल्या चित्रांत मागचा भाग अंधुक होतो, आणि तो अंधुकपणाच वस्तूचा लहानपणा उघड करितो. म्हणून भिंगाचें छिद्र लहान ठेवावें, प्रकाश अधिक वेळ आंत येऊं द्यावा आणि कॅमेरा तिकाटण्यावर स्थिर करावा. प्रकाश एकाच बाजूनें, सकाळच्या उन्हासारखा तिरपा असावा. मागचे बुरूज मुद्दाम थोडे लहान केले, तर किल्ल्याला खोली येते.

तथापि चमत्कृतीसाठीं कॅमेरा तिरपा करणें म्हणजे दृष्टि नव्हे. प्रत्येक वेळीं स्वतःला विचारावें : या कोनांतून असें काय दिसलें, जें उभ्यानें दिसत नव्हतें? मोठ्या माणसाच्या उंचीवरून घेतलेल्या चित्रांत मूल नेहमीं लहान व केविलवाणें दिसतें. त्याच्यासमोर जमिनीवर बसून घेतलेल्या चित्रांत तें बरोबरीचें माणूस दिसतें. रस्त्याकडेला बसलेल्या भाजीवालीचेंही तसेंच. आपण कोठें उभे राहतों, यावरून समोरच्या माणसाला आपण किती मान देतों तें ठरतें. छंद साधा असला, तरी ही जबाबदारी साधी नाहीं.

ज्यांना अभ्यास करावयाचा असेल, त्यांनीं घरांतील एकच वस्तु, पाण्याचा तांब्या म्हणा किंवा चार विटांचें घर म्हणा, समोर ठेवावी आणि बारा निरनिराळ्या जागांवरून तिचीं बारा चित्रें घ्यावींत. पहिलीं चारपांच सवयीनें निघतील. पुढचीं घेण्यासाठीं गुडघे टेकावे लागतील, स्टुलावर चढावें लागेल, दिवा हलवावा लागेल. तीं शेवटचीं सात चित्रें नीट पाहावीं.