दोडक्याची वेळ संध्याकाळची

उन्हाळ्यात घरापुरती भाजीबाग करणे पैशाच्या हिशेबात बसत नाही. गवार, भेंडी, काकडी मंडईत सहज मिळते आणि चार-सहा वेलींनी घरखर्चात फारसा फरक पडत नाही. तरीही परसात आणि गच्चीवर माणसे एप्रिल-मेच्या उन्हात वेली जगवतात आणि त्यातून मनाला बरे वाटते असे सांगतात. या बरे वाटण्याचे श्रेय बहुधा निसर्गाच्या सहवासाला दिले जाते. मला ते स्पष्टीकरण अपुरे वाटते. निसर्गाचा सहवास टेकडीवर मिळतो, नदीकाठी मिळतो, नगरपालिकेच्या उद्यानातही मिळतो. भाजीबागेत त्याहून वेगळे काही आहे. तिथे ठरावीक वेळी, ठरावीक जागी जाऊन नेमके काहीतरी पाहावे लागते आणि जे पाहिले त्याचा अर्थ एक-दोन दिवसांत हाती येतो. उन्हाळी बागेचे सुख मुख्यतः या पाहण्यात आहे, आणि इतर ऋतूंपेक्षा उन्हाळ्यातच ते जास्त मिळते.

वेलींच्या फुलांचेच घ्या. दोडका आणि घोसाळे अगदी जवळचे नातेवाईक. दोन्हींची फुले पिवळी, पाने दुरून सारखीच. पण घोसाळ्याचे फूल पहाटे उमलते आणि दोडक्याचे दिवस कलल्यावर. दुधी आणि पडवळाची पांढरी फुलेही संध्याकाळनंतर उघडतात. अंधारात पांढरा रंग उठून दिसतो आणि रात्री उडणारे पतंग त्यांच्याकडे येतात. कारले, काकडी आणि लाल भोपळ्याची वेळ मात्र सकाळची. ‘वेलीला फुले येतात, पण फळ धरत नाही’ ही उन्हाळ्यातली नेहमीची तक्रार इथेच उलगडते. या वेलींवर नर आणि मादी फुले वेगवेगळी असतात आणि बहुधा नर फुले आधी येतात. मादी फूल ओळखायला भिंग लागत नाही, कारण पाकळ्यांच्या मागे त्याचा बीजांडकोश चिमुकल्या फळाच्या रूपात दिसतो. मोठे दिवस आणि चढे तापमान यांमुळे नर फुलांचे प्रमाण वाढते. वनस्पतीतच तयार होणारा इथिलीन वायू मादी फुलांना चालना देतो. म्हणजे सुरुवातीची नुसती फुले पाहून वेल उपटणे ही घाई झाली. मादी फुले आल्यावरही कीटक फिरकत नसतील, तर नर फूल खुडून त्याचे पराग मादी फुलाच्या कुक्षीवर हलके टेकवता येतात. त्यासाठी दोडक्यापाशी संध्याकाळी आणि कारल्यापाशी सकाळीच जावे लागते. उशीर झाला तर त्या फुलाची संधी गेली. पुढच्या काही दिवसांत ते चिमुकले फळ एकतर फुगते, नाहीतर पिवळे पडून गळते. आपण काय केले आणि त्याचे काय झाले, हे इतक्या लवकर आणि इतके स्पष्ट कळण्याची जागा आपल्या रोजच्या जगण्यात फार थोडी उरली आहे.

दुपारीही बाग काही सांगत असते. भर उन्हात भोपळ्याची रुंद पाने माना टाकतात. पानांतून वाफ होऊन जाणारे पाणी मुळांनी ओढलेल्या पाण्यापेक्षा जास्त झाले की पेशींचा ताठपणा कमी होतो. माती ओली असतानाही हे घडते, म्हणून लगेच बादली घेऊन धावण्याचे कारण नाही. ऊन उतरल्यावर पाने सावरली तर सारे ठीक. दुसऱ्या दिवशी सकाळीही ती मलूल असतील, तर मात्र मुळाशी पाणी कमी आहे किंवा मुळालाच काही झाले आहे. टोमॅटोची फुले मे महिन्यात गळतात, त्यातही माणसाची चूक क्वचितच असते. दिवसाचे तापमान ३५ अंशांच्या पुढे आणि रात्रीही उकाडा राहिला की त्याचे पराग दुबळे होतात. वांग्याची गोष्ट आणखी वेगळी. त्याच्या परागकोशांना टोकाशी बारीक छिद्रे असतात आणि पराग बाहेर पडायला ते विशिष्ट वेगाने थरथरावे लागतात. मधमाशीला हे जमत नाही. काळा भुंगा फुलाला मिठी मारून पंखांचे स्नायू थरथरवतो, तेव्हा पराग झडतात. त्या क्षणी गुणगुण बदलते आणि जवळ उभे राहिले तर ती ऐकू येते.

अशा लक्ष देण्याने मन खरोखर निवते का? मिशिगन विद्यापीठातल्या रेचेल आणि स्टीफन कॅप्लन यांनी १९८९ सालच्या पुस्तकात मांडले, की ठरवून एकाग्र होण्याची शक्ती थकते आणि सहज गुंतवून ठेवणाऱ्या गोष्टी पाहताना ती भरून येते. नेदरलँड्समधल्या, २०११ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ३० बागकाम करणाऱ्यांना आधी मुद्दाम ताण देणारे काम दिले. मग काहींनी अर्धा तास बागेत काम केले, काहींनी घरात वाचन केले. ताणाशी निगडित असलेले कॉर्टिसॉल दोन्ही गटांत उतरले, पण बागेतल्या गटात जास्त, आणि मनःस्थिती पूर्ववत झाली तीही त्याच गटात. यावर रास्त आक्षेप असा, की ही मंडळी मुळातच बागेची आवड असलेली होती. त्याचे उत्तर अमेरिकेतल्या डेन्व्हर भागातल्या प्रयोगाने बऱ्याच अंशी दिले. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात आधीची दोन वर्षे बाग न केलेल्या २९१ प्रौढांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी केली. एका गटाला सामुदायिक बागेत वाफा मिळाला, दुसऱ्याला वर्षभर थांबायला सांगितले. वाफा मिळालेल्यांच्या आहारात तंतुमय पदार्थ वाढले, हालचाल वाढली, ताण आणि चिंता कमी झाली. मग श्रेय व्यायामाचे आणि भाजीचे, असे कुणी म्हणेल. वर्षभराच्या फायद्यात त्यांचा वाटा आहेच. पण अर्ध्या तासात मन निवते तेव्हा ना स्नायू कमावलेले असतात, ना भाजी पोटात गेलेली असते. बागेतल्या लक्ष देण्याचा परिणाम या प्रयोगांनी वेगळा काढून मोजलेला नाही. ते माझे अनुमान आहे. मात्र या लवकर मिळणाऱ्या फायद्याशी ते नीट जुळते.

पीकच बुडाले तर हे सुख टिकेल का, अशी शंकाही घेता येईल. चार्ल्स डार्विन आजारी असताना खोलीत वेलींच्या कुंड्या ठेवून तासन्‌तास त्यांच्या हालचाली नोंदवत असे. त्यातल्या एका रानकाकडीच्या वेलीचे बी त्याला अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे यांनी पाठवले होते. १८६५ साली त्याने हे काम प्रसिद्ध केले. वेलीच्या तणाव्याचे टोक आधाराला लागले की ते त्याला विळखा घालते, मग मधला भाग स्प्रिंगसारखा गुंडाळतो. दोन्ही टोके बांधलेली असल्याने अर्धे वेढे एका दिशेला आणि अर्धे उलट दिशेला पडतात. ते मागे वळतात ती जागा काकडीच्या कोणत्याही तणाव्यावर बोटाने दाखवता येते. या गुंडाळण्यामागे तंतूंची दोन थरांची पट्टी असून तिचा आतला थर जास्त आकसतो, हे हार्वर्डच्या संशोधकांनी २०१२ साली दाखवले. यासाठी एकही काकडी लागायची गरज नाही.

सर्वांत गंभीर आक्षेप पाण्याचा आहे आणि महाराष्ट्रात तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिक ठरेल. जमिनीवरचे एक मिलिमीटर पाणी म्हणजे प्रत्येक चौरस मीटरला एक लिटर. मेच्या कोरड्या उन्हात पूर्ण पसरलेला वाफा दर चौरस मीटरला दिवसाला सहा-आठ लिटर सहज पितो. तांदूळ आणि भाज्या धुतलेले पाणी बादलीत साठवून मोजावे आणि तेवढाच वाफा करावा. आळ्यावर पालापाचोळ्याचे जाड आच्छादन घालावे, पाणी ऊन उतरल्यावर द्यावे. झिलई न दिलेले साधे भाजके मडके वाफ्यात गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवले, तर माती जशी वाळते तसे पाणी झिरपते आणि ती ओली असेल तर झिरपणे मंदावते. लाल माठ आणि तांदुळजा यांची प्रकाशसंश्लेषणाची पद्धत उष्ण हवेला साजेशी आहे. तेवढ्याच पाण्यात त्या इतर बहुतेक पालेभाज्यांपेक्षा जास्त वाढतात, म्हणून उन्हाळ्यात पहिला मान त्यांचा. ज्या गावात पिण्याचे पाणी टँकरने येते, तिथे मात्र वेली जूनपर्यंत थांबवाव्यात आणि बी कोरड्या डब्यात राखेत ठेवावे.