मोबाईल फाटकाबाहेर, लक्ष फळ्याकडे!

आमच्या वस्तीतील अभ्यासिकेत नुकतीच पालकांची बैठक झाली. विषय निघाला मुलांच्या मोबाईलचा. एक भगिनी म्हणाल्या, "2020 साली कोरोनात शाळा बंद पडली. ऑनलाईन अभ्यासासाठी हप्त्यावर मोबाईल घेऊन दिला. शाळा सुरू झाली, हप्तेही फिटले. पण मोबाईल काही पोराच्या हातून सुटला नाही. आता दप्तरात घालून शाळेत नेतो." हे ऐकून बहुतेकांनी माना डोलावल्या. घरोघरी तीच रड!

आम्ही पडलो कारकून. हिशेब मांडल्याशिवाय आम्हाला राहवत नाही. लक्ष एकदा विचलित झाले की ते पुन्हा अभ्यासात लागायला 20 मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो, असे युनेस्कोचा 2023 चा शिक्षण अहवाल सांगतो. शाळेची तासिका असते 35-40 मिनिटांची. म्हणजे खिशातला मोबाईल दोनदा वाजला की गणिताचा अख्खा तास बुडाला!

यात जास्त नुकसान कोणाचे? इंग्लंडमधील 4 शहरांतल्या 91 शाळांचा अभ्यास 2015 साली प्रसिद्ध झाला. मोबाईलबंदीनंतर परीक्षेतील गुण वाढले आणि सर्वांत जास्त वाढले ते अभ्यासात मागे पडलेल्या मुलांचे. हुशार मुलांना फारसा फरक पडला नाही. पुढे स्वीडनमध्ये असा फायदा दिसून आला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तरीही आपण आपल्या घराचा विचार करावा. पैसेवाल्याच्या मुलाचा बुडालेला तास शिकवणीत भरून निघतो. आपल्या मुलाची सारी भिस्त शाळेच्या फळ्यावर. म्हणून ही बंदी म्हणजे शिक्षा नव्हे. मुलाच्या हक्काच्या तासाची ती राखण आहे.

फ्रान्सने 2018 साली कायदा करून साधारण 15 वर्षांपर्यंतच्या मुलांच्या शाळांत मोबाईल वापरण्यास मनाई केली.

बैठकीत एका आईने शंका काढली, "माझी मुलगी दोन बस बदलून शाळेत जाते. मोबाईल नसला तर माझा जीव टांगणीला लागतो." शंका रास्त आहे. त्यावर उपायही आहे. दिल्लीच्या शिक्षण खात्याने ऑगस्ट 2023 मध्ये शाळांना सूचना दिल्या. मोबाईल आणलाच तर तो शाळेने कुलपात ठेवावा आणि सुटताना परत द्यावा. अडीअडचणीला निरोप देण्या-घेण्यासाठी शाळेने स्वतःचा फोन नंबर पालकांना द्यावा. ही सोय कोणत्याही शाळेला जमण्यासारखी आहे.

मात्र शाळेत बंदी आणि घरी मोकळे रान, असे झाले तर काय उपयोग? सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने 2022 साली वेगळाच पायंडा पाडला. संध्याकाळी 7 वाजता भोंगा वाजायचा, की दीड तास घराघरांतील टीव्ही-मोबाईल बंद. मुले पुस्तक घेऊन बसायची. जे एका खेड्याला जमले, ते आपल्या चाळीला का जमू नये?

पालकहो, शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीला रजा टाकून जा आणि कुलूपबंद कपाटाची मागणी करा. शाळेच्या वेळेत मुलाला फोन करू नका. आणि संध्याकाळी मुलाला "मोबाईल ठेव" म्हणण्याआधी आपल्या हातातला खाली ठेवा. मुले आपले बोलणे ऐकत नाहीत, आपले वागणे पाहतात.